दगडावरची पंगत

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी कामावरून घरी आलो, तर गच्ची लख्ख धुतलेली. कठड्याशी चौदा दगड ओळीने वाळत घातलेले. काथ्याने घासून, साबणाच्या पाण्यातून काढून. आईच्या चेहऱ्यावर दिवाळीची मोठी मोहीम फत्ते केल्याचं समाधान.

“किती बुळबुळीत झाले होते रे! एखादा पाय घसरून पडला असता,” ती म्हणाली.

मी मटकन खाली बसलो. ते चौदा दगड म्हणजे माझ्या सहा माशांचं पुढच्या पंधरा दिवसांचं जेवण होतं.

माझ्या टाकीतले मासे परदेशी नाहीत, रंगीतही नाहीत. बोटाएवढे, मातकट हिरवे, कल्ल्यामागे एक काळा ठिपका. दुकानातला गोल्डफिश पाहून आलेला पाहुणा त्यांच्याकडे दोन सेकंद बघतो आणि “हे कुठले?” विचारतो. “वेण्णेचे” म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. मेढ्याकडच्या माझ्या मामांच्या रानाला लागून एक ओढा आहे, तो पुढे वेण्णा नदीला मिळतो. तिथून बादलीत घालून, एसटीत मांडीवर धरून मी हे मासे सांगलीला आणले. याला म्हणतात मळ्या. सातारा-सांगलीच्या ओढ्याकाठी वाढलेल्या माणसाने लहानपणी पंचा धरून हा मासा कधी ना कधी पकडलेला असतो.

आणि त्याला पोसायचं कसं, हे मला पहिल्या वर्षी अजिबात कळलं नव्हतं.

खपाटीला गेलेलं पोट

माझी पहिली टाकी फार सुंदर होती. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी सुमारे पावणेदोनशे लिटर. काच आरशासारखी. हिरवा डाग दिसला की मी ब्लेडने खरवडायचो. दुकानातून आणलेलं दाणेदार खाद्य सकाळ-संध्याकाळ चिमूटभर टाकायचो. दाणे वर तरंगायचे. मळ्या खाली, दगडाला चिकटून. एखादा दाणा भिजून बुडाला तर तो चोखून बघायचा आणि थुंकून टाकायचा. तीन आठवड्यांत सगळ्यांची पोटं खपाटीला गेली. समोरून पाहिलं की डोकं रुंद आणि मागचं अंग सुरीच्या पात्यासारखं. दोन मासे मेले.

मामांना फोन केला. ते हसले नाहीत, ही त्यांची मोठी कृपा.

“खायला काय घालतोस?”

“दाणे घालतो, मामा. चांगल्यातले आहेत.”

“आरं, त्याला खायला घालू नगंस. त्येच्या दगडाला घाल.”

या एका वाक्यात मळ्या पाळण्याचं सगळं शास्त्र आलं. ते समजून घ्यायला मला पुढे दोन वर्षं लागली.

तोंडच सांगतं

मळ्याला एकदा काचेवर चरताना बघावं. तोंड पुढे नसतंच, ते नाकाडाच्या खाली, पोटाच्या बाजूला असतं. खालचा ओठ पसरून त्याची एक गोल चकती झालेली असते. ती काचेला टेकवून तो जागा धरतो. मग जबड्याची कडक कड पुढे येते, काचेवरून सरकते, मागे जाते, पुन्हा पुढे. सेकंदाला दोन-तीन वेळा. मासा बोटभर पुढे सरकतो आणि मागे हिरव्या काचेवर एक स्वच्छ पट्टा राहतो. भिंगातून पाहिलं तर तो सलग पट्टा नसतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या चंद्रकोरींची रांग असते. एक कोर म्हणजे एक घास.

या तोंडानेच दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज अधिकाऱ्याचं लक्ष वेधलं होतं. विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई इलाख्याच्या फौजेतले. १८२४ साली त्यांच्यावर दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचं काम सोपवलं गेलं. माणसं, पिकं, पाऊस मोजता मोजता त्यांनी पक्षी मोजले, मासेही मोजले. दख्खनच्या माशांवरचं त्यांचं लेखन लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने १८३९ ते १८४१ दरम्यान छापलं. साइक्स यांनी एक गोष्ट फार चांगली केली. अनेक माशांना लॅटिन नाव शोधत न बसता त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडचं नावच शास्त्रीय नाव म्हणून लावून दिलं. नकट्या नाकाडाचा तो ‘नुक्ता’, शिंगाळा तो ‘सींघाला’, आणि मळ्या तो ‘मुल्ल्या’. आज जगातल्या कुठल्याही संग्रहालयात आमच्या या माशाच्या बरणीवर ‘गॅरा मुल्ल्या’ अशीच चिठ्ठी लागते.

साइक्स यांनी त्याला सुरुवातीला ‘कॉन्ड्रोस्टोमा’ या युरोपीय माशांच्या कुळात बसवलं होतं. नातं चुकलं, पण निरीक्षण चुकलं नव्हतं. युरोपच्या नद्यांतले ते मासेही कडक ओठांनी दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. धंदा एक, म्हणून अवजारही सारखंच घडलं. पुढे मळ्याला ‘गॅरा’ या आपल्या खऱ्या भाऊबंदांत जागा मिळाली. ही भावकी आफ्रिकेपासून चीनपर्यंत पसरलेली आहे. मॉलमध्ये पाण्यात पाय सोडून बसलं की पायाची मेलेली कातडी कुरतडणारा मूळचा ‘डॉक्टर फिश’ हा तुर्कस्तानकडचा गॅराच. दगड खरवडणारं तोंड टाचेलाही चालतं, एवढंच.

ती चकती मात्र केवळ खाण्यासाठी नाही. पावसाळ्यात सह्याद्रीचा ओढा दगड गडगडवत नेतो, तेव्हा मळ्या जागचा हलत नाही. ओल्या कातळावर चिकटत, सरकत तो छोट्या धबधब्यांवर चढून जातो. माझ्या टाकीचं झाकण एका आषाढात अर्धा इंच उघडं राहिलं, तर सकाळी एक मासा फरशीवर कडक होऊन पडला होता. अशा वेगवान पाण्यातल्या माशांवर सुंदरलाल होरा यांनी आयुष्य घालवलं. १९२१ साली त्यांनी भारतातल्या गॅरांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. ईशान्येकडच्या डोंगरी ओढ्यांतले मासे सातपुड्याच्या रांगेने पश्चिम घाटात पोहोचले असावेत, असं सातपुडा गृहीतक त्यांनी पुढे मांडलं. ते बरोबर की चूक यावर अजून वाद होतात. पण त्या वादात साक्षीला उभे राहतात ते असले बोटभर मासेच.

बुळबुळीत म्हणजे काय

नदीतल्या दगडावर पाय घसरतो तो ज्याच्यामुळे, तो थर म्हणजे नुसतं शेवाळ नव्हे. त्यात तपकिरी डायटम असतात, म्हणजे काचेसारखं कवच असलेले एकपेशीय जीव. मऊ हिरवं शेवाळ असतं, जिवाणू असतात, त्यांचा चिकट स्राव असतो आणि या सगळ्यात राहणाऱ्या बारीक अळ्या आणि सूक्ष्म जीव असतात. ही एक पूर्ण थाळी आहे: भाजी, भाकरी आणि तोंडी लावायला थोडं कालवण.

मळ्याला जठर नसतं. कार्पच्या कुळातल्या कुठल्याच माशाला ते नसतं. जबड्यात दातही नसतात, ते घशात असतात. जठर नाही म्हणजे साठवणीची पिशवी नाही. त्याऐवजी शरीराच्या कित्येक पट लांब, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं आतडं असतं. शेवाळ पचायला जड आणि त्यात सत्त्व कमी. त्यामुळे ते दिवसभर थोडं थोडं आत जात राहिलं पाहिजे. म्हणजे मळ्या दोन वेळा जेवणारा नाही, गाईसारखा चरणारा आहे. त्याला सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणे टाकणं म्हणजे गाईला दोन वेळा एकेक पेढा देऊन ती दूध देईल म्हणून वाट बघणं.

चरतोय की नाही, हे कळायला वैद्य लागत नाही. शेपटीजवळ हिरवट-तपकिरी लांब दोरा लोंबत असेल तर स्वारी खुशीत आहे. दोरा पांढरा, बारीक असेल तर पोट रिकामं आहे.

गच्चीवरची शेती

त्यानंतर मी दगड पिकवायला लागलो. पद्धत साधी आहे. नदीतले गुळगुळीत, तळहाताएवढे काळे दगड घ्यायचे. तीन पसरट घमेली गच्चीवर ठेवायची. त्यांत नळाचं पाणी नाही, तर टाकीतून दर आठवड्याला काढतो ते जुनं पाणी घालायचं. माशांच्या विष्ठेतला अमोनिया टाकीतल्या जिवाणूंनी नायट्रेटमध्ये बदललेला असतो. शेवाळाला ते खतच. सकाळचं ऊन पूर्ण, दुपारचं अर्धं. पंपाचा एक बारीक बुडबुडा, म्हणजे पाणी हलतं राहतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी दगडावर तपकिरी झाक येते. हे डायटम. आठव्या दिवशी हिरवा साज. बारा-पंधरा दिवसांत दगड तयार. मग तो टाकीत ठेवायचा आणि चरून स्वच्छ झालेला परत घमेल्यात. दर दुसऱ्या दिवशी दोन दगड बदलले की सहा माशांना पुरतात. जास्त ठेवला तर त्याच्यावर लांब तंतू येतात, केस सुटल्यासारखे; ते मळ्या नाखुशीने खातो. निळसर काळपट, वास मारणारी साय धरली तर तो दगड घासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या सायीला मासा तोंड लावत नाही.

दोन अडचणी येतात. पहिली डासांची. उघडं घमेलं म्हणजे डेंग्यूला आमंत्रण, आणि महापालिकेची माणसं पाणी तपासायला येतात तेव्हा “हे माशांचं आहे” हे उत्तर चालत नाही. म्हणून घमेल्यांवर मच्छरदाणीचा तुकडा, कडेने इलॅस्टिक लावून. दुसरी अडचण दिवाळीची. ती सुरुवातीला सांगितली.

त्या दिवशी चौदा दगड गेले, तेव्हा मी स्वयंपाकघराकडे वळलो. तिथे आईच उपयोगी पडली. अपराधी वाटल्यामुळे असेल, चकल्यांचा सोऱ्या बाजूला ठेवून तिने माझ्यासाठी पालक वाफवला.

पाककृती अशी. पालकाची एक जुडी नीट धुऊन, वाफवून वाटायची. त्यात अर्धी वाटी सोललेले, उकडलेले मटार. तीनशे मिलिलिटर पाण्यात पाच ग्रॅम चायना ग्रास उकळून पूर्ण विरघळवायचं, मग त्यात हे वाटण घालायचं. थोडं निवलं की दोन चमचे स्पिरुलिना पावडर. मीठ नाही, तेल नाही. सांगलीत राहत असूनसुद्धा हळदही नाही. मिश्रण घट्ट व्हायच्या आत कोरड्या दगडावर हाताने लिंपायचं, सारवल्यासारखं. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये.

जिलेटिन वापरू नये, चायना ग्रासच घ्यावं. जिलेटिन तीस-पस्तीस अंशांच्या पाण्यात विरघळून जातं आणि एप्रिलमधली सांगलीतली टाकी तिथवर सहज जाते. चायना ग्रास एकदा गोठलं की पुन्हा पातळ व्हायला ऐंशी अंशांच्या वर तापमान लागतं. म्हणून दगडावरचं लिंपण तसंच राहतं आणि मळ्याला ते खरवडावं लागतं. त्याला खरवडायला मिळणं महत्त्वाचं. तळाशी पडलेल्या वडीपेक्षा दगडावर लिंपलेली तीच वडी तो दुप्पट आनंदाने खातो.

मधल्या दिवसांत दोडक्याची किंवा काकडीची चकती, उकळत्या पाण्यातून काढून, दगडाखाली दाबून. तीन-चार तासांनी उरलेली काढून टाकायची. आठवड्यातून एकदा डासांच्या अळ्या, फार नाही. मांसाहार वाढला की पोट फुगतं. अन्नाइतकीच हवा लागते. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांवर साडेसात. मळ्या थंड, वाहत्या पाण्याचा. म्हणून टाकीत जोरदार प्रवाहाचा पंप आणि उन्हाळ्यात पाण्यावर वारा सोडणारा छोटा पंखा.

आणि सुरुवातीला मी आरशासारखी ठेवलेली काच? पुढची एक तेवढी मी आता पुसतो. बाकीच्या तीन बाजू माशांच्या.

कणकेचे गोळे

वाईच्या गणपती घाटावर, संगम माहुलीला, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर, हरिपूरला लोक माशांना खायला घालतात. कणकेचे गोळे, चुरमुरे, क्वचित पुडीतलं उरलेलं भडंगसुद्धा. भावना चांगली असते आणि वर येऊन ते खाणारे मासेही असतात. पण ते मळ्यापर्यंत पोचत नाही. तो तळाशी, दगडाला चिकटलेला. टाकीत तर कणीक घालूच नये. पिठूळ पाण्यात मिसळून पाणी गढूळ होतं, उरलेलं सडतं, अमोनिया वाढतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. हा अनुभव माझ्याकडे पाहुण्यांच्या लहान मुलामुळे आला, तेव्हा अर्धी टाकी उपसावी लागली.

“टाकी साफ करणारा मासा द्या” असं दुकानात म्हटलं की हातात पडतो तो दक्षिण अमेरिकेतला सकर. दोन इंचांचा असताना तो गोंडस दिसतो. पुढे हातभर वाढतो, अंगावर चिलखत येतं, टाकी पुरत नाही आणि मालक दयाळूपणे त्याला नदीत सोडतात. भीमेवरच्या उजनीत तो जाळ्यांत सापडतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, बाजारात त्याला किंमत नाही. ज्या कामासाठी आपण परदेशी पाहुणा आणला, ते काम दाराशीच्या ओढ्यातला गडी पूर्वीपासून करत होता.

म्हणून सगळ्यांनी उठून ओढ्यावर जावं, असं मात्र नाही. केरळमधल्या ‘मिस केरळ’ या देखण्या माशाचं उदाहरण समोर आहे. परदेशी बाजारात त्याला मागणी आली आणि नद्यांतून तो इतका उपसला गेला की २००८ साली तिथल्या सरकारला निर्बंध घालावे लागले. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला नाव दिलं ‘सह्याद्रिया’. आपल्याकडे कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. तिथल्या ओढ्यांत हात घालणं गुन्हा आहे. साइक्स यांचा ‘नुक्ता’, म्हणजे नकटा, तर संकटग्रस्तांच्या यादीत आहे. त्याला टाकीत आणण्याचा विचारही करू नये. मळ्या अजून भरपूर आहे म्हणून पाच-सहा आणता येतात. आणि एकदा टाकीत राहिलेला मासा परत नदीत सोडू नये. टाकीतला रोग तो सोबत नेतो.

ताट कोण उचलतं

दगड पिकवायला लागल्यापासून मला नदीकडे बघायची एक खोड लागली आहे. पूर्वी पूल आला की पाणी किती आहे ते बघायचो. आता दगड बघतो.

मळ्याच्या थाळीला तीन गोष्टी लागतात: तळापर्यंत पोचणारं ऊन, वाहतं पाणी आणि गाळ न बसलेला दगड. सातारा-सांगलीच्या नद्यांवर धोम, कण्हेर, कोयना ही मोठी धरणं आहेत. त्यांच्या खाली जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा सरला की बंधाऱ्यांत बरगे घालतात, पाणी अडतं, उसाला मिळतं. माझ्याही नातलगांचं घर त्याच उसावर चालतं, त्यामुळे बंधाऱ्यांना नावं ठेवणं मला शोभणार नाही. पण अडलेल्या पाण्यात गाळ खाली बसतो. दगडावर पिठासारखा थर येतो, ऊन तळाशी पोचत नाही, शेवाळ धरत नाही. मासा मारायला विष लागत नाही. त्याचं ताट झाकलं की पुरतं. त्यात विषही येतंच. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. गाळाखाली उपाशी राहिलेल्या माशाचा फोटो निघत नाही.

गेल्या जानेवारीत मामांकडून परतताना मुद्दाम दोन ठिकाणी थांबलो. पहिला त्यांचाच ओढा. पाणी घोट्याएवढं, पण खळाळतं. एक दगड उचलला, उन्हाकडे तिरका धरला. हिरव्या थरावर तांदळाच्या दाण्याएवढ्या चंद्रकोरींच्या रांगा होत्या, एकमेकींना छेदत गेलेल्या. माझ्या टाकीच्या काचेवर असतात, तशाच. रात्री कुणीतरी इथे पोटभर जेवून गेलं होतं.

दुसरा थांबा कृष्णेवरच्या एका बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला. पाणी काठोकाठ, शांत, आरशासारखं. फोटो काढावा असं. काठाशी हात बुडवून दगड चाचपला आणि वर काढला. मऊ, राखाडी गाळाचा जाड थर. अंगठ्याने पुसला, खाली काळा कातळ निघाला. हिरवं काही नव्हतं. भिंग काढलं, सगळ्या बाजू तपासल्या.

ओढ्यातला दगड उष्टा होता. हा कोरा.